प्लास्टरच्या आधी आणायचा माणूस

वाचकाचं पत्र:

‘सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. आमचं रो-हाउस वीस वर्षांचं आहे. वर एक मजला चढवलाय आणि खालचीही सगळी वायरिंग बदलतोय. वरचा स्लॅब आणि भिंती झाल्या, पंधरा दिवसांत प्लास्टर सुरू होईल. अंगणात येत्या सोमवारपासून पेव्हर ब्लॉक बसणार. मुलगा-सून पुण्याहून इथं राहायला येणार, दोघांचंही काम घरूनच. इंटिरियरवाले म्हणतात, नेट, कॅमेरे, टीव्ही, दारावरची व्हिडिओ बेल या सगळ्याला “लो व्होल्टेज”चा वेगळा माणूस लावा. त्यांनी एकाला पाठवलंही, त्याचं कोटेशन एका ओळीचं आहे. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, तारच तर ओढायची, मीच ओढतो. भाचा म्हणतो, आता सगळं वायरलेस, एकही तार नको. कोणाचं ऐकू? आणि माणूस लावायचाच, तर मला यातलं काही कळत नसताना त्याला पारखू कशी?’

बाई, पुढचं वाचण्याआधी पेव्हर ब्लॉकवाल्याला फोन करा आणि सोमवारचं काम चार दिवस लांबवा. (शाळेतल्या शिक्षिकेला ‘बाई’ सोडून दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही, चालवून घ्या.) घरापासून फाटकापर्यंत अंगणाखालून दोन रिकाम्या नळ्या जायला हव्यात. एक विजेची, दुसरी बाकीच्या तारांची, मध्ये फूटभर अंतर. दीड-दोन फूट खोल, आत नायलॉनची दोरी ओवलेली, दोन्ही टोकं टोपणानं बंद, नाहीतर मुंग्या आणि उंदीर आधी राहायला येतात. आज हे एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं खणकाम आहे. ब्लॉक बसल्यावर उखडा, खणा, परत बसवा, आणि परत बसवलेले ब्लॉक पहिल्यासारखे सपाट बसत नाहीत ते नाहीतच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीस वर्षं लोकांच्या साइट सांभाळतेय, आणि माझ्याच घराला ही नळी टाकायची विसरले. आज माझ्या फाटकावरच्या बेलची तार कंपाउंडच्या भिंतीवर ठोकलेल्या केसिंग पट्टीतून येते. पट्टी उन्हानं पिवळी पडली, तिचं झाकण जोराचा वारा सुटला की शेजारच्यांच्या तुळशीपाशी सापडतं. येणारा प्रत्येक पाहुणा ‘इंजिनिअरच्या घरी हे काय?’ म्हणतो, आणि मी चहा टाकायला आत जाते.

आता शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘लो व्होल्टेज’ म्हटलं की मिणमिणता दिवा आणि टकटक करणारा स्टॅबिलायझर डोळ्यांपुढे येतो. इंटिरियरवाले जे म्हणतात ते वेगळं. राउटर १२ व्होल्टवर चालतो, नेटच्या तारेतूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्याला ४८ च्या आसपास लागतात, टीव्हीच्या आणि बेलच्या तारा त्याच गोतावळ्यातल्या. कारखान्यांच्या आणि इस्पितळांच्या कामात याला ईएलव्ही, म्हणजे ‘एक्स्ट्रा लो व्होल्टेज’, म्हणतात. एमजी रोडवर किंवा कुठंही विचारताना सरळ ‘नेटवर्किंग-सीसीटीव्हीवाला’ म्हणा, लगेच कळतं.

तुमचा भाचा अर्धा बरोबर आहे. फोन आणि लॅपटॉप वायरलेसच चालणार. पण वायफायचा वेगवान पट्टा, ५ गिगाहर्ट्झवाला, सळयांच्या जाळीचा स्लॅब पार करताना पार दमून जातो. खाली हॉलमध्ये राउटर आणि वर खोलीत सून मीटिंगला बसलेली, हे जमायचं नाही. वरच्या मजल्याला स्वतःचा वायफायचा डबा लागणार आणि त्या डब्यापर्यंत तार लागणार. वायरलेस म्हणजे शेवटच्या चार-पाच मीटरला तार नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्या. ‘वायरलेस’ कॅमेऱ्यालाही वीज लागतेच, ती काही हवेतून येत नाही.

इलेक्ट्रिशियनही अर्धाच बरोबर, आणि त्याच्या चुकीच्या अर्ध्या भागाचं मला जास्त भय वाटतं. माझ्या एका साइटची गोष्ट सांगते. घरमालकांनी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेला. वायफायवर राउटरजवळ पूर्ण वेग मिळायचा, पण भिंतीतल्या पॉइंटला लॅपटॉप जोडला की आकडा ९४ च्या पुढे हलायचा नाही. नेटवाल्या कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, राउटर बदलला, तरी ९४. शेवटी आम्ही पॉइंटची फेसप्लेट, म्हणजे वरचं झाकण, उघडली. नेटच्या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या पिळाच्या चार जोड्या. आमच्या कामसू इलेक्ट्रिशियननं एकाच तारेतल्या दोन जोड्या या खोलीला आणि दोन जोड्या पलीकडच्या खोलीला दिल्या होत्या. एका तारेत दोन पॉइंट, मालकाचे पैसे वाचवले! दोन जोड्यांवर नेट चालतं, पण १०० च्या आतच. १००० ला चारही जोड्या लागतात. त्याचा हेतू वाईट नव्हता. दिव्याच्या वायरिंगमध्ये एका लाइनवरून दोन पॉइंट काढतातच की. ही तार त्या जातीची नाही, एवढंच.

दिव्याच्या तारेला मध्ये जोड दिला, नीट कनेक्टर लावला, तर वर्षानुवर्षं चालतं. नेटच्या तारेला मध्ये जोड नकोच. ती रॅकपासून (घरातल्या सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात ते छोटं कपाट) पॉइंटपर्यंत अखंड यायला हवी. टोकाला पिन लावतानासुद्धा जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही. तार काटकोनात दुमडायची नाही, जोर लावून हिसकायची नाही, आणि लांबी एकूण १०० मीटरच्या आत ठेवायची. तुमच्या घरात लांबीचा प्रश्नच येणार नाही, बाकीचे तिन्ही येतील.

तेव्हा माझं मत: नळी यानं, तार त्यानं. झिरी पाडणं, नळ्या आणि बॉक्स बसवणं तुमच्या इलेक्ट्रिशियनकडेच ठेवा. घर त्याला माहीत आहे, ग्राइंडर त्याच्याकडे आहे, आणि दोन-दोन माणसं भिंती फोडत बसली तर प्लास्टर दिवाळीतच. पण नळी कुठून कुठं जाणार, ते नेटवर्किंगवाल्यानं ठरवायचं. तार ओढणं, टोकं बांधणं, तपासणी हे त्याचं. आणि २३० व्होल्टच्या कशालाही त्यानं हात लावायचा नाही. रॅकपाशी लागणारा प्लग, इन्व्हर्टरची लाइन हे काम तारतंत्री परवाना असलेल्याचं. हे वाटप कागदावर लिहून दोघांना दाखवा. नाहीतर नेट बंद पडलं की हा म्हणतो त्यानं तार ओढली, तो म्हणतो यानं नळी चेपली, आणि मध्ये तुम्ही.

प्लास्टरच्या आधी एका सकाळी दोघांना एकत्र बोलवा आणि घरभर फिरवा. खडू तुमच्याकडे असतीलच. विजेला पांढरा, बाकीच्याला निळा. दोन्ही रेघा शेजारून जाणार असतील तर फूटभर लांब. एकमेकींना ओलांडणार असतील तर काटकोनात. एकाच नळीत दोन्ही तारा? साफ नाही म्हणा. नेटमध्ये खरखर येते हे किरकोळ कारण झालं. उद्या विजेच्या तारेचं आवरण सोललं, तर २३० व्होल्ट थेट लॅपटॉपच्या पिनेपर्यंत येतील, हे खरं कारण. आणखी एक, हे मी त्या दोघांनाही सांगितलं असतं: तुम्ही वर मजला चढवलाय, तेव्हा कॉलम-बीमला ग्राइंडर लावू द्यायचा नाही. चार इंची भिंतीत लांबच लांब आडवी झिरी नको, वरून खाली उभी मारा.

या फिरण्यातच माणूस कळतो. तुम्हाला यातलं कळत नाही म्हणता, पण मुलगा अभ्यास करून आलाय की नाही, हे त्याच्या उत्तरावरून नाही तर त्यानं विचारलेल्या शंकांवरून ओळखायची तुमची जन्माची सवय असणार. तीच वापरा. चांगला माणूस आल्या आल्या कॅमेऱ्याचं पत्रक काढत नाही. तो विचारतो: फायबर, म्हणजे कंपनीकडून येणारी नेटची तार, घरात कुठून शिरणार? (याची सोय केली नाही, तर फायबरवाला खिडकीच्या नव्या चौकटीला भोक पाडून मोकळा होतो.) रॅक कुठं, तिथं हवा खेळते का, वर बाथरूम नाही ना? मुलगा आणि सून एकाच खोलीत काम करणार की वेगळ्या? फॉल्स सीलिंग कुठं आहे? इन्व्हर्टरवर काय काय आहे? फाटकापासून अंतर किती? गच्चीवर आधीपासून डिश आहे का? एवढं विचारून झाल्यावर तो पैशांचं बोलतो. तुमच्याकडे आलेल्यानं यातलं काहीच न विचारता एका ओळीचं कोटेशन दिलं असेल, तर त्यानं घर नाही, गिऱ्हाईक पाहिलं.

रॅकची जागा जिन्याखाली चांगली, कपाटाला जाळीचं दार असेल तर. देवघराच्या खालचा कप्पा मात्र नको. इंटिरियरवाल्यांना तो रिकामा दिसतो, आणि समईचं तेल कधी ना कधी झिरपतंच.

त्याचं जुनं काम पाहायला मागा. मोबाइलमधले नव्या कामाचे फोटो नकोत, सगळ्यांच्याच तारा पहिल्या दिवशी वेणी घातल्यासारख्या दिसतात. दोन पावसाळे काढलेलं काम हवं. गंगापूर रोडवरचा एखादा दवाखाना, कॉलेज रोडवरचा क्लास, अंबड-सातपूरमधलं एखादं छोटं युनिट, असं काहीतरी त्यानं केलेलं असेल. तिथं जाऊन रॅक उघडायला सांगा. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नंबर आहे का, तेवढंच पाहा. आणि मालकाला विचारा, काम बिघडल्यावर हा किती दिवसांनी आला. बिघडतं सगळ्यांचंच. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर चालू आहेत, बरी माणसं त्यात गुंतलेली असणार, म्हणून तारीख लिहून घ्या आणि मोठा ॲडव्हान्स देऊ नका.

कोटेशन पॉइंटप्रमाणे मागा. कोणत्या खोलीत कोणते पॉइंट, कोणत्या कंपनीची तार, किती मीटर, मजुरी वेगळी, पक्कं बिल. आणि ‘कॅट-६’ (ही नेटच्या तारेची प्रत) एवढ्यावर समाधान मानू नका, घोडं इथंच पेंड खातं. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही कॅट-६ म्हणून मिळते, दुकानदार तिला सीसीए म्हणतात. दिसायला तीच, भाव बराच कमी. कोटेशनवर ‘१०० टक्के कॉपर’ लिहून घ्या आणि तार साइटवर आली की वीतभर तुकडा कापून मागा. आतली एक बारीक तार ब्लेडनं खरवडा. लालच राहिली तर तांबं, पांढरट निघाली तर खोकं परत. वरची भाषणं विसरलात तरी चालेल, ही खरवड विसरू नका. सीसीएची तार दोन-चारदा वाकवली की तुटते आणि तिच्यातून जाताना विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त घटतो. मग गंमत अशी होते की कॅमेरा दिवसा छान चालतो आणि रात्री अंधारात बघायचे त्याचे दिवे लागले, भार वाढला, की बंद-चालू, बंद-चालू. चोर काही दिवसा येत नाही.

मीटरचा हिशेबही तुम्हाला जमेल. अख्खं खोकं ३०५ मीटरचं असतं आणि तारेच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. एका टोकाचा आकडा, दुसऱ्या टोकाचा आकडा, वजाबाकी. बिलाशी ताडून पाहा.

किती पॉइंट? मी असते तर मुलाच्या आणि सुनेच्या टेबलापाशी दोन-दोन, टीव्हीमागे दोन आणि डिशची एक जाड तार, प्रत्येक मजल्याच्या छताला वायफायच्या डब्यासाठी एक, फाटकाला दोन, कॅमेऱ्यांना एकेक. आणि रॅकपासून गच्चीपर्यंत एक नळी अगदी रिकामी. हात आखडायचाच असेल तर तारेत आखडा, नळीत नको. तार पाच वर्षांनीही ओढता येते. नळी २५ मिमीची घ्या, तीन तारा आरामात जातात. दोन वळणांपेक्षा जास्त असतील तर मध्ये बॉक्स. वळणाला लांब बेंड वापरा, काटकोनी एल्बो नको. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून मोबाइलवर फोटो काढा. उद्या देवाचा फोटो टांगायला ड्रिल मारताना हेच उपयोगी पडतात. नळ्यांची तोंडं कागदाचे बोळे कोंबून बंद करा, गवंडी त्यात माल भरतोच. प्लास्टर झाल्यावर प्रत्येक नळीतली दोरी ओढून बघा. दोरी सरकली तर नळीचे पैसे द्या.

मोबाइलवरून चालणाऱ्या स्मार्ट स्विचचं खूळ आज नसेलही, पण इलेक्ट्रिशियनला प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल आणून ठेवायला आणि खोल बॉक्स लावायला सांगा. बहुतेक स्मार्ट स्विचला न्यूट्रल लागतो आणि नंतर तो आणणं म्हणजे पुन्हा भिंत.

कॅमेरे चार पुरेत, आणि त्यांची तोंडं शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नकोत. रेकॉर्डिंग किती दिवसांचं राहील, हे त्याला तुमच्यासमोर कागदावर काढायला सांगा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहितो धरलं, तर चारांचे ८, म्हणजे १ मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला ८६ जीबी, आणि १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरून जुनं पुसायला लागते. ‘महिनाभर राहतं हो मॅडम’ असं तो हवेत म्हणाला, तर पाटीवर गणित सोडवून घ्या.

गच्चीवर आणि बाहेर काळ्या आवरणाची, उन्हाला टिकणारी तार हवी. करडी तार उन्हात तडकते, मग पावसात पाणी आतून झिरपत थेट पिनेपर्यंत येतं. भिंतीत शिरण्याआधी तारेला खाली झोल द्यायचा, म्हणजे थेंब तिथून गळतो. आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की बाहेरच्या तारांमधून झटका आत येतो आणि रॅकमधला नेटचा स्विच (सगळ्या तारा एकमेकींना जोडणारा डबा) किंवा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर जातो. बाहेरच्या तारांना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे झटका अडवणारी डबी, आणि घराला नीट अर्थिंग, एवढं करता येतं. ‘काही होणार नाही, गॅरंटी’ म्हणणाऱ्याला मात्र मी काम देत नाही.

काम संपलं म्हणजे काय, तेही आधीच ठरवा. आठ दिव्यांचा टेस्टर लावून १ ते ८ दिवे ओळीनं लागले, हे ठीक. पण तेवढ्यावर सोडू नका. लॅपटॉप प्रत्येक पॉइंटला लावून जोडणी १ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएस, दाखवते का, ते बघा. मग नंबरांचा नकाशा घ्या आणि तो रॅकच्या दाराला आतून चिकटवा. कॅमेऱ्यांचं ॲप तुमच्या किंवा मुलाच्या मोबाइल नंबरवर नोंदवायचं. बरेच जण घाईत स्वतःच्या नंबरवर नोंदवतात, आणि मग तुमचं अंगण त्यांच्या फोनवर दिसत राहतं. राउटरचे आणि रेकॉर्डरचे पासवर्ड त्याच्यासमोर बदला. शेवटचे दहा-पंधरा टक्के पैसे रंगकाम आटोपून सगळे पॉइंट पुन्हा तपासल्यावरच. रंगारी फेसप्लेट उघडतो आणि तारा आत कोंबतो, हा त्याचा धर्म आहे.

शहरात रस्ते खोदलेले आहेत, त्यामुळं फायबर मधूनच तुटणार. दोघांची नोकरी नेटवर असेल, तर दुसऱ्या कंपनीचं एक साधं कनेक्शन घेऊन ठेवायला मुलाला सांगा आणि रॅकपाशी दुसऱ्या फायबरसाठी नळी ठेवा. राउटर आणि त्याच्यासोबतचा फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घ्या, दोन्ही मिळून एखाद्या छोट्या बल्बएवढीच वीज खातात.

आणि मुलाला एक विचारून ठेवा: त्याच्या लॅपटॉपला नेटची तार लावायचं भोक आहे का? हल्लीच्या पातळ लॅपटॉपना ते नसतं, वेगळा ॲडॉप्टर लागतो. तपासणीच्या दिवशी तो ॲडॉप्टर पुण्याला राहिला, तर आपण सगळे पॉइंटांकडे बघत बसू.